उशाशी एकच बटण

आमच्या घरातले सगळे स्विचबोर्ड दाराजवळ आहेत. खोलीत शिरताना हात आपोआप जाईल अशा जागी, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर. यात विशेष काही नाही, तुमच्याकडेही तसंच असणार. फरक इतकाच की आमच्याकडचे पप्पांनी स्वतः बसवलेत.

पप्पा वायरमन. नव्वदच्या दशकात महाडकडून पनवेलला आले. खारघर उभं राहत होतं तेव्हा इथल्या किती इमारतींच्या भिंतींत त्यांनी पाइप गाडले याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. रिक्षातून उत्सव चौकाच्या बाजूला निघालो की बोट दाखवायचे. "ही माझी. तिच्या मागची पण." लहानपणी मला खरंच वाटायचं की या सगळ्या इमारती आमच्या आहेत आणि आम्ही उगाच वन बीएचकेमध्ये राहतो.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बोलणंही अडखळायला लागलं. डोक्यात वाक्य तयार असतं, तोंडातून दोनच शब्द येतात, तेही चुकीच्या वेळी. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर महिनाभराने एका रात्री ते बाथरूमला जायला एकटेच उठले. पलंगापासून स्विचपर्यंत सात पावलं. चौथ्या की पाचव्या पावलावर पडले. हाड मोडलं नाही, नशीब. पण पंधरा मिनिटं ते फरशीवर तसेच पडून होते, आणि आवाज दिला नाही. आई दिवसभर त्यांचं करून दमलेली असते, तिला उठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन ती सात पावलं मोजली. अकरा फूट.

आम्ही आधी सोपे उपाय केले. झिरोचा बल्ब रात्रभर चालू ठेवला. त्या उजेडात पायपुसणं कुठे संपतं आणि फरशी कुठे सुरू होते ते कळेना, आणि पप्पांना झोपही लागेना. मग मी म्हटलं, वायरला लोंबकळणारा बेडस्विच असतो ना, पेरूच्या आकाराचा, तो लावू. पप्पांनी मान हलवली. "पलंगाशी... फेज नको." उशाजवळ पाण्याची बाटली, लघवीचं भांडं, आणि अर्ध्या अंगाला धड संवेदना नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांत वायरी ओढलेल्या माणसाने नाही म्हटल्यावर विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, स्मार्ट बल्ब का नाही? आणला होता. दोन रात्री मस्त चालला. तिसऱ्या दिवशी आईने खोलीतून बाहेर पडताना सवयीने दारातलं बटण बंद केलं. बल्बलाच वीज नाही तर त्याचं वायफाय कुठून जिवंत राहणार? शिवाय पप्पांनी रात्री दोन वाजता, एका हाताने, आधी फोनचं लॉक उघडायचं, मग ॲप शोधायचं, मग 'अपडेट उपलब्ध आहे' हे वाचायचं. तो बल्ब आता माझ्या खोलीत आहे. गुलाबी उजेड देतो.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. नोकरी बेलापूरला, दिवसभर एक्सेल. सोल्डरिंग गन माळ्यावर होती, ती काढली.

*

रिमोट नावाची वस्तू काय करते हे आत्ताच्या आत्ता बघता येतं. टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि रिमोटचं नाक कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, कारण त्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो.) हा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा. आपले डोळे ७०० च्या आसपासच हात टेकतात.

पण इन्फ्रारेड तर उन्हातही असतं, जुन्या पिवळ्या बल्बमध्येही असतं. मग टीव्हीला कळतं कसं की हा रिमोटच बोलतोय? रिमोट नुसता पेटत नाही, तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि समोरचा सेन्सर फक्त त्याच वेगाच्या लुकलुकण्याकडे लक्ष देतो. गर्दीत आपल्या नावाची हाक तेवढी ऐकू यावी तसं. हा ३८ चा आकडा कुठून आला, तर बऱ्याच रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा एक स्वस्त रेझोनेटर बसवतात आणि त्याला १२ ने भागतात. ४५५ हा आकडा एएम रेडिओच्या पोटातला. आजोबांच्या रेडिओतला एक आकडा आपल्या हातातल्या रिमोटमध्ये बसलाय, याची मला अजून गंमत वाटते.

दिव्यासाठी रिमोट हे सर्किट डिप्लोमाला असणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी बनवलेलं असतं, किंवा सबमिशनसाठी कोणाकडून तरी घेतलेलं असतं. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकात आणि होबी किटच्या पुस्तकांत त्याची किती रूपं येऊन गेली असतील. टीएसओपी १७३८ नावाचा तीन पायांचा सेन्सर, त्याच्या मागे ५५५ टायमर, त्याच्या मागे ४०१७ हा काउंटर, मग एक ट्रान्झिस्टर आणि रिले. या सगळ्यांना वीज द्यायला ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि ७८०५ रेग्युलेटर. बटण दाबलं की सेन्सर ओरडतो, ५५५ ते ओरडणं एका सेकंदाच्या एकाच ठोक्यात बदलतो, ४०१७ ठोके मोजतो. एक म्हणजे चालू, दोन म्हणजे परत शून्य.

सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. खारघरहून कुर्ला, कुर्ल्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड. रस्त्याचं नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन काही त्या रस्त्यावरून हलायला तयार नाही. दुकानात १७३८ मागितला, हातात १८३८ पडला. "सेम है मॅडम." कामाला सेम आहे, पायांचा क्रम मात्र वेगळा. १७३८ चे पाय ग्राउंड, पाच व्होल्ट, आउटपुट असे. याचे आउटपुट, ग्राउंड, पाच व्होल्ट. हे मला पहिला सेन्सर जळल्यावर कळलं. दोन घेतले होते म्हणून बरं.

दोन रविवारांत सर्किट तयार झालं. झिरो पीसीबीवर, वायरींचं जंगल, बाजूला ट्रान्सफॉर्मरचा ठोकळा. पप्पांसमोर टेबललॅम्पला जोडून दाखवलं. लागला, बंद झाला. त्यांनी बराच वेळ त्या जंगलाकडे बघितलं.

"साधं... कर," ते म्हणाले.

मला वाटलं मला कळलं.

*

साधं करायचं म्हणजे भाग कमी करायचे, असा मी अर्थ घेतला. डिप्लोमाला हेच शिकलेलं. कमी भाग, कमी खर्च, कमी बिघाड.

आधी ५५५ काढला. सेन्सर थेट काउंटरला जोडला. बटण दाबलं तर रिले टरटरला, दिवा लुकलुकला आणि जिथे होता तिथेच परत. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच. नशीब म्हणावं तर एकदा तरी बदलायला हवा होता! मग वही घेऊन बसले. मी वापरत होते तो जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट, एनईसी पद्धतीचा. या पद्धतीत एका दाबण्यात आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ३२ बिट म्हणजे ३२ छोटे झोत, आणि शेवटी समाप्तीचा एक. एकूण ३४. सम संख्या. बटण दाबून धरलं तर पुढचे जे संदेश जातात त्यांत दोन-दोन झोत. तेही सम. माझा काउंटर इमानाने चौतीसपर्यंत मोजत होता आणि दर वेळी शून्यावर येऊन थांबत होता. मी काढून टाकलेला ५५५ काय काम करत होता ते तो नसताना कळलं. गुपचूप परत बसवला.

दुसरं साधेकरण जास्त हुशारीचं होतं. ट्रान्सफॉर्मर जड, त्यामुळे डबा मोठा, स्विचबोर्डात मावेना. मला एक सर्किट सापडलं, त्यात ट्रान्सफॉर्मरच नव्हता. त्याऐवजी ०.४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, रावळगावच्या गोळीएवढा, सरळ २३० व्होल्टच्या लाइनमध्ये. ५० हर्ट्झला तो साधारण पावणेसात हजार ओहम अडवतो, म्हणजे सुमारे ३४ मिलिअँपिअर पलीकडे जाऊ देतो. छोट्या रिलेला आणि सेन्सरला तेवढं पुरतं. गणित बरोबर, मल्टिमीटरवर पाच व्होल्ट बरोबर, डबा काड्यापेटीएवढा. मी खुशीत होते. सेन्सरचे पाय डब्याबाहेर डोकावत होते, ते नंतर झाकू म्हटलं.

पप्पांना खुर्चीत बसवून दाखवायला नेलं. त्यांनी डाव्या हाताने खूण केली. टेस्टर. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतला, पिवळ्या मुठीचा, मूठ एका बाजूने वितळलेली. वायरमन कशालाही हात लावण्याआधी टेस्टर लावतो, समोर पाच व्होल्ट लिहिलेलं असो नाहीतर देवाचा फोटो असो. त्यांनी तो डाव्या हाताने धरून सेन्सरच्या ग्राउंडच्या पायाला टेकवला. काही नाही.

"बघा," मी म्हटलं.

त्यांनी बोटं फिरवून दाखवली. मला कळेना. परत फिरवली. प्लग. दोन पिनांचा प्लग उलटा-सुलटा कसाही बसतो. मी काढून उलटा लावला. त्यांनी पुन्हा टेस्टर टेकवला.

टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला.

पाच व्होल्ट होतेच, खोटं काही नव्हतं. पण ते पाच व्होल्ट फेजच्या डोक्यावर उभे होते. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज कमी करत नाही, तो भिंतीतली वीज आणि आपलं सर्किट यांच्यात प्रत्यक्ष तांब्याचा संबंध ठेवत नाही. मी काढलेला ठोकळा म्हणजे नेमका तो दुरावा होता. आई दर शनिवारी ओल्या फडक्याने स्विचबोर्ड पुसते. एका शनिवारी तिचं बोट त्या डोकावणाऱ्या पायांवर गेलं असतं.

पप्पा काही बोलले नाहीत. बोलता येत असतं तरी बोलले नसते बहुतेक. टेस्टर पिशवीत ठेवायला मला दिला आणि टीव्ही लावायला सांगितलं. कामावर त्यांच्या हाताखालच्या पोरांनी असं काही केलं की ते चिडायचे असं ऐकलंय, माझ्यावर चिडले नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटलं.

उपाय ड्रॉवरमध्ये पडून होता. जुन्या फोनचा चार्जर. पाच व्होल्ट, आत चिमुकला ट्रान्सफॉर्मर, भिंतीपासून व्यवस्थित दूर. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठा कपॅसिटर, रेग्युलेटर हे सगळंच एका झटक्यात गेलं. (कोणी घरी करून बघणार असेल तर चांगल्या कंपनीचाच चार्जर घ्या, लोकलच्या डब्यातला नको. आणि २३० व्होल्टच्या बाजूला परवानाधारक वायरमनशिवाय हात घालू नका. माझ्याकडे एक होता.)

*

रिमोटचा इतिहास वाचत होते तेव्हा एक गंमत सापडली. १९५५ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीने यूजीन पॉली यांचा फ्लॅश-मॅटिक नावाचा रिमोट काढला. म्हणजे पिस्तुलासारखी विजेरी. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार फोटोसेल, ज्या कोपऱ्यावर उजेड मारला तसं काम होणार. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आलं की टीव्ही आपलाआपण चॅनल बदलायचा. पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलरने स्पेस कमांड काढला. त्यात बॅटरीसुद्धा नव्हती, नुसत्या ॲल्युमिनियमच्या चार कांड्या आणि त्यांवर आपटणाऱ्या छोट्या हातोड्या. कानाला ऐकू न येणारा सूर निघायचा, तो टीव्ही ऐकायचा. हातातली वस्तू याहून साधी होणं शक्य नाही. पण तो सूर ऐकायला टीव्हीत सहा जादा व्हॅक्यूम ट्यूब बसवाव्या लागत. हातातून काढलेलं काम टीव्हीच्या पोटात गेलं होतं.

फ्लॅश-मॅटिकचं ऊन ते आमच्याकडे आईच्या मालिका. डबा बसवून चारच दिवस झाले होते. टीव्ही हॉलमध्ये, पप्पांची खोली समोर, दार उघडं. आईने टीव्हीचा आवाज वाढवला की पप्पांच्या खोलीतला दिवा लागायचा, जाहिरात आली म्हणून कमी केला की बंद. ५५५ आणि ४०१७ ला अक्षरओळख नसते. कोणीतरी ३८ हजाराच्या वेगाने काहीतरी बोलतंय इतकंच त्यांना कळतं, काय बोलतंय ते नाही.

याहून मोठी अडचण दुसरी होती, आणि ती मला आधी दिसलीच नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं होतं की उजव्या हाताला रोज काहीतरी खरं काम द्या, नुसता चेंडू दाबून कंटाळा येतो. पप्पांनी ते मनावर घेतलं. रिमोट उजव्याच हाताने दाबायचा असं त्यांनी ठरवलं. बोट खाली जायचं, पण वर यायला वेळ लागायचा. दोन सेकंद, कधी तीन. माझ्या ५५५ चा ठोका १.१ सेकंदाचा. १०० किलोओहम, १० मायक्रोफॅरड, पुस्तकातलं उत्तर. त्यामुळे दिवा लागायचा, बंद व्हायचा, परत लागायचा. अंधारात पप्पा बोट सोडवायचा प्रयत्न करतायत आणि दिवा चालू-बंद, चालू-बंद. मी दारातून एकदा ते बघितलं. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचा अंगठा धरून उचलला, आणि तेव्हा दिवा बंद होता.

ते सर्किट मला साधं वाटत होतं कारण माझा अंगठा पाव सेकंदात उठतो.

५५५ गेला, ४०१७ गेला. दोघांच्या जागी एटीटायनी ८५ नावाची आठ पायांची एक चिप आली, हिच्यात ८ किलोबाइटचा प्रोग्रॅम मावतो. केन शिरिफ नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये रिमोटचे संदेश वाचणारी लायब्ररी आर्डुइनोवाल्यांसाठी मोफत खुली केली होती, ती वाचून मी माझ्या गरजेपुरतं लिहिलं. एनईसीचा रिमोट प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो, दुसऱ्यांदा उलटी करून, म्हणजे ऐकणाऱ्याला ताळा करता येतो. चिप आता अक्षरं वाचत होती. आईच्या रिमोटचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. आणि बटण दाबून धरलं की पुढचे जे दोन-दोन झोतांचे संदेश येतात, ते ती सोडून द्यायची. पूर्ण संदेश एकदा आला, दिवा एकदा बदलला. मग अंगठा तीन सेकंद राहो नाहीतर तीस.

पीसीबीवर आता उरलेलं मोजून सांगते. सेन्सर, चिप, ट्रान्झिस्टर, रिले, रिलेवरचा डायोड, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर. भागांच्या हिशोबाने हे आत्तापर्यंतचं सगळ्यात साधं. पण त्यासाठी मी पाच रात्री जागून जे लिहिलं ते कोणी पीसीबीवर मोजणार नाही.

*

तरीही तो चालत नव्हता, आणि कारण तेच, स्मार्ट बल्बवालं. रिले मी दाराजवळच्या स्विचच्या पुढे एका रांगेत जोडला होता. दोन्ही चालू असतील तरच दिवा. आई बटण बंद करायची, रात्री रिमोट मुका. मी स्विचवर चिकटपट्टी लावली. आईने ती दुसऱ्या दिवशी पुसताना काढली. चिडले तेव्हा म्हणाली, "घरातल्या बाईने खोलीतला दिवा भिंतीवरून बंद करायचा नाही, असं कुठल्या शाळेत शिकवतात गं?"

पप्पा ऐकत होते. त्यांनी लाइटबिल मागितलं. मला वाटलं विजेच्या आकड्याबद्दल काही म्हणायचंय. त्यांनी ते पालथं केलं, पेन डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताची रेघ थरथरते. एक चौकोन, एक चौकोन, मधे दोन समांतर रेघा, शेवटी गोल, गोलात फुली.

जिन्याचं कनेक्शन. टू-वे. खाली लावा, वर बंद करा; वर लावा, खाली बंद करा. या माणसाने खारघरभर शेकडो जिन्यांना हे जोडलं असेल. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी हे दहा मार्कांना काढलंय. एका चौकोनावर पेन टेकवून ते म्हणाले, "हा... आईचा." दुसऱ्यावर, "हा... तुझा टकटक."

साध्या रिलेला पाच पाय असतात. दोन कॉइलचे, तीन संपर्काचे: एक मधला आणि दोन टोकांचे, मधला कधी याला चिकटतो कधी त्याला. म्हणजे टू-वे स्विचच तो, फक्त बोटाऐवजी चुंबकाने हलणारा. तिसरा पाय मी आत्तापर्यंत कापून टाकत होते, लागत नाही म्हणून.

भिंतीवरचा स्विच बदलून टू-वे बसवला. बोर्ड उघडण्याआधी एमसीबी पाडला, पप्पांनी खुर्चीतून टेस्टर लावून घ्यायला लावला, मग माझ्याकडून प्रत्येक स्क्रू दोनदा आवळून घेतला. फेज आईच्या स्विचच्या मधल्या पायाला, दोन वायरी तिथून रिलेच्या दोन टोकांना, रिलेच्या मधल्या पायातून दिव्याला. आता दोघांपैकी कोणीही, कुठूनही, कधीही. 'चालू'चं वेगळं बटण आणि 'बंद'चं वेगळं, हा माझा बेत यात मोडीत निघाला, कारण दिवा आत्ता कसा आहे हे चिपला कळायचा मार्गच राहिला नाही. पप्पांना विचारलं चालेल का. ते हसले, अर्ध्या चेहऱ्याने.

"दिवा... दिसतोय की."

एक भानगड राहिली. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री-अपरात्री लाइट जाते. एकदा पहाटे तीनला आली तेव्हा पप्पांच्या खोलीतला दिवा आपोआप लागला, कारण वीज गेल्यावर रिले सुटला होता आणि टू-वेमध्ये सुटला म्हणजे बंद असं काही नसतं. आई धावत आली, तिला वाटलं ते पडले. मग चिपच्या कायमच्या स्मृतीत रिलेची शेवटची स्थिती लिहून ठेवायची सोय केली. ती जागा एक लाख वेळा लिहिता येते असं चिपबद्दलच्या कागदपत्रात म्हटलंय. दिवसाला दहा वेळा धरलं तर सत्तावीस वर्षं. पप्पांना आकडा सांगितला तर म्हणाले, "बास."

रिमोट शेवटी करायला घेतला, खरं म्हणजे आधी घ्यायला हवा होता. डीव्हीडीच्या रिमोटवर चाळीसेक बटणं, आम्हाला हवं एक. उघडला, तर बटणांखालचे संपर्क काळ्या कार्बनचे, त्यांच्यावर सोल्डर धरत नाही. त्यांच्याकडे जाणारी तांब्याची रेघ पात्याने खरवडून दोन बारीक वायरी डकवल्या. पप्पांच्या पिशवीत दाराच्या बेलचं एक बटण पडलेलं होतं, कुठल्यातरी कामातून उरलेलं, पांढरं, वर घंटेचं चित्र. ते लावलं. सगळं एका प्लॅस्टिकच्या स्विचबॉक्समध्ये घालून, एलईडीला समोरून भोक पाडून, बॉक्स पलंगाच्या पट्टीला उजव्या बाजूला बांधला. आत दोन पेन्सिल सेल, एवढीच वीज पलंगाशी. बटण इतकं मोठं आहे की अंगठा नाही लागला तरी तळहाताने दाबता येतं. पहिले दोन महिने ते तळहातानेच दाबायचे. आता अंगठा लागतो.

सोसायटीतल्या एका काकांनी बघून तसाच डबा मागितला, त्यांच्या आईसाठी. त्यांना मी एकच सुधारणा सुचवली, रिलेऐवजी ट्रायक. त्यात हलणारा भाग नाही, झिजत नाही, आवाज नाही. टू-वे करायला दोन लागतात आणि दोन्ही एकदम चालू होणार नाहीत एवढं बघावं लागतं, पण करता येतं. सामान आणून ठेवलं, आपलाही बदलू म्हणून दोन जास्तीचे आणले.

काकांचा झाला. आमचा राहिलाय. रात्री दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून 'टक' असा आवाज येतो. मला जाग येते, पण मी उठत नाही. चपलांची घसट, बाथरूमची कडी, पाणी, परत घसट. मग थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरा 'टक', आणि मी कूस बदलते.